टायटॅनियम: खाऱ्या पाण्याला दाद न देणारा धातू दाबून-ठोकूनच का घडवतात? आणि तो दगा कुठे देतो?

१८ जून २०२३. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी अटलांटिक महासागरात उतरलेल्या 'टायटन' या छोट्या पाणबुडीचा संपर्क तुटला. चार दिवस जगभर एकच बातमी चालू होती. शेवटी कळलं की, पाण्याच्या प्रचंड दाबाखाली ती क्षणार्धात चिरडली गेली होती. आतल्या पाचही जणांचा मृत्यू झाला होता.

'टायटन'चा मधला भाग कार्बन फायबरचा, नळकांड्यासारखा होता. दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट होते. मधल्या भागाच्या चिंधड्या झाल्या. समुद्रतळावरून वर आणलेल्या अवशेषांमध्ये टायटॅनियमचे घुमट मात्र सहज ओळखू येत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयफोन १५ प्रो बाजारात आला. त्याची चौकट टायटॅनियमची होती. मग काय, 'जगातला सगळ्यात मजबूत धातू' म्हणून टायटॅनियमचे रील्स सुरू झाले.

पण टायटॅनियम खरंच असं अजिंक्य असतं का? जहाजं, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म आणि केमिकल कारखाने यांच्यासाठी हा महागडा धातू का वापरतात? त्याचे महत्त्वाचे भाग साच्यात ओतण्याऐवजी दाबून-ठोकून, म्हणजे फोर्जिंग करून का बनवतात? आणि हाच धातू चुकीच्या जागी वापरला तर आग कशी लागू शकते?

समजून घेऊया.

टायटॅनियम सगळ्यात मजबूत धातू आहे का?

थेट उत्तर द्यायचं तर, नाही.

एकाच आकाराचे दोन तुकडे घेतले, एक उच्च दर्जाच्या पोलादाचा आणि एक टायटॅनियमचा, तर पोलादाचा तुकडा अधिक ताण सहन करू शकतो. टायटॅनियमची खासियत वजनात आहे. पोलादाच्या एक घनसेंटिमीटर तुकड्याचं वजन साधारण ७.८ ग्रॅम भरतं, तर टायटॅनियमचं फक्त ४.५ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच वजनात टायटॅनियम जास्त ताकद देतं. विमानं, रॉकेट आणि पाणबुड्या बनवणाऱ्यांना हेच हवं असतं.

पण समुद्रात आणि केमिकल कारखान्यात वजनापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. ते म्हणजे गंज.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खिडकीचं ग्रिल, गच्चीवरची टाकी धरणारी लोखंडी चौकट, गाडीचा पत्रा, खारा वारा कशालाच सोडत नाही. रंग लावा, पुन्हा लावा, दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतातच. आता हेच लोखंड चोवीस तास समुद्राच्या पाण्यात बुडालेलं आहे किंवा त्यातून गरम आम्ल वाहतंय अशी कल्पना करा.

मग टायटॅनियम गंजत का नाही?

गंमत म्हणजे टायटॅनियम हा शांत धातू अजिबात नाही. त्याला ऑक्सिजनची प्रचंड ओढ असते. हवा किंवा पाणी लागताच त्याच्या पृष्ठभागाची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि त्यावर ऑक्साइडचा एक थर तयार होतो. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा हजारो पटींनी पातळ असतो.

लोखंडावरही ऑक्साइड तयार होतं. त्यालाच आपण गंज म्हणतो. पण तो भुसभुशीत असतो, गळून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. टायटॅनियमवरचा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला झाकून टाकतो.

पितळेच्या भांड्याची कल्हई आठवा. कल्हई आहे तोवर आतलं अन्न सुरक्षित. ती उडाली की कल्हईवाल्याची वाट बघायची. टायटॅनियम मात्र स्वतःची कल्हई स्वतःच करतं. ओरखडा पडला, वाळू घासली, तरी आसपास थोडं पाणी किंवा ऑक्सिजन असेल तर तो थर लगेच पुन्हा तयार होतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे. हा थर दुरुस्त व्हायला पाणी किंवा ऑक्सिजन लागतो. लोखंडाचा शत्रू असलेलं पाणी टायटॅनियमचं रक्षण करतं.

एवढा चांगला धातू, मग तो महाग का?

टायटॅनियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक प्रमाणात सापडणाऱ्या मूलद्रव्यांमध्ये त्याचा नववा क्रमांक लागतो. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर यांना काळ्या वाळूत ते सापडलं. काही वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोथ यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या टायटन्सवरून नाव दिलं.

अशी काळी वाळू आपल्याकडेही आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट या खनिजाचे मोठे साठे आहेत. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट सापडतं.

पण जगभर काढलेल्या या खनिजाचा बहुतांश भाग धातू बनवण्यासाठी वापरलाच जात नाही. त्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी बनते. भिंतीचा रंग, प्लॅस्टिक, कागद, टूथपेस्ट यांचा पांढरेपणा बऱ्याचदा तिच्यामुळेच असतो.

धातू बनवायचा तर ऑक्सिजनपासून टायटॅनियम वेगळं करावं लागतं आणि ते त्याला सहजासहजी सोडत नाही. आज वापरली जाणारी मुख्य पद्धत लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी विकसित केली. आधी खनिजापासून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव बनवतात. मग हवाबंद भांड्यात, आर्गॉन वायूमध्ये, ८०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची वितळलेल्या मॅग्नेशियमशी अभिक्रिया घडवतात. हाती येतो तो सच्छिद्र, करडा धातू. तो स्पंजसारखा दिसतो म्हणून त्याला 'टायटॅनियम स्पंज' म्हणतात.

लोखंडाच्या भट्टीतून रस अखंड वाहत राहतो. इथे मात्र एकेक भांडं भरायचं, तापवायचं, थंड करायचं आणि फोडून स्पंज बाहेर काढायचा. वेळ जातो, वीज जाते. म्हणून किंमत वाढते.

हा स्पंज बनवण्याची क्षमता जगात मोजक्याच देशांकडे आहे. चीन, जपान आणि रशिया यांत आघाडीवर आहेत. भारतात केरळमधल्या चवरा इथे केरळ मिनरल्स अँड मेटल्स या सरकारी कंपनीचा वर्षाला ५०० टन क्षमतेचा प्रकल्प आहे. त्याचं तंत्रज्ञान हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेचं आहे आणि त्यामागे इस्रोचं पाठबळ आहे.

पुढचा टप्पा वितळवण्याचा. वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि जवळपास कोणत्याही नेहमीच्या मुशीशी अभिक्रिया करतं. म्हणून स्पंज दाबून त्याची कांडी बनवतात आणि ती निर्वात जागेत, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या मुशीत विजेच्या ठिणगीने वितळवतात. हे एकदा करून भागत नाही. दोनदा, अतिमहत्त्वाच्या कामांसाठी तीनदाही करतात. यातून तयार होतो तो इनगॉट, म्हणजे धातूचा भलामोठा ठोकळा.

ओतीव आणि घडीव यांत फरक काय?

बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर तडकू शकतो. लोहाराने घडवलेला कोयता पडला तर फार तर धार बोथट होते. यात बिडातल्या जास्तीच्या कार्बनचा मोठा वाटा आहे. पण 'ओतीव' आणि 'घडीव' वस्तूंच्या वागण्यात फरक असतो, हे आपल्याकडच्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

धातू साच्यात ओतला की तो बाहेरून आत थिजत जातो. थिजताना आकसतो. मध्ये बारीक पोकळ्या राहू शकतात आणि धातूचे कण मोठे, ओबडधोबड होतात.

फोर्जिंगमध्ये तापलेला ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात, फिरवतात, पुन्हा दाबतात. कणीक मळताना गुठळ्या मोडतात आणि गोळा एकजीव होतो, तसंच इथे घडतं. मोठे कण मोडून बारीक होतात, आतल्या पोकळ्या बंद होतात आणि धातूची अंतर्गत रचना वस्तूच्या आकाराला धरून वळते. त्यामुळे वारंवार ताण आला तरी भेग पडायला सहज जागा मिळत नाही.

फोर्जिंगचे मुख्य प्रकार तीन. साध्या सपाट डायमध्ये दाबून दांडे, ठोकळे, चकत्या बनवणं म्हणजे ओपन डाय. भोक पाडलेली चकती रोलरवर फिरवून मोठी कडी बनवणं म्हणजे रिंग रोलिंग. आणि नेमक्या आकाराच्या साच्यात दाबणं म्हणजे क्लोज्ड डाय.

याचा अर्थ सगळंच घडवतात असा नाही. पंपाची गुंतागुंतीची खोकी ओतूनही बनवतात. पातळ नळ्या आणि पत्रे वेगळ्या पद्धतीने बनतात. पण ज्या भागावर दाब, वळण आणि कंपन एकत्र येतात तिथे घडीव भागाला पसंती मिळते. उदाहरणार्थ फ्लँज, शाफ्ट, व्हॉल्व्हचे भाग, दाबाच्या टाकीची तोंडं आणि हीट एक्स्चेंजरची ट्यूबशीट, म्हणजे शेकडो नळ्या जिच्यात बसतात ती जाडजूड, भोकाभोकांची चकती.

टायटॅनियम घडवणं अवघड का?

कारण त्याला फार गरम चालत नाही आणि फार गारही चालत नाही.

टायटॅनियमची आतली स्फटिकरचना ठरावीक तापमानाला बदलते. शुद्ध टायटॅनियममध्ये हे साधारण ८८२ अंशांना घडतं. 'ग्रेड ५' नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूत साधारण ९९५ अंशांना. आधी या तापमानाच्या वर ठोकळा मोडून घेतात आणि शेवटचा आकार सहसा त्याच्या थोडं खाली देतात. जास्त तापला तर कण मोठे होतात. थंड झाला तर पृष्ठभागाला भेगा पडतात.

त्यात भर म्हणजे टायटॅनियममधून उष्णता हळू वाहते. ठोकळ्याचा बाहेरचा भाग प्रेसच्या डायला टेकून थंड होतो, पण आतला भाग तापलेलाच राहतो. म्हणून काम झपाट्याने उरकावं लागतं आणि तुकडा पुन्हा पुन्हा भट्टीत घालावा लागतो.

भट्टीतल्या हवेचाही त्रास होतो. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन शोषतं आणि बाहेरून कडक पण ठिसूळ कवच तयार होतं. त्याला 'अल्फा केस' म्हणतात. ते मशीनवर किंवा आम्लात पूर्ण काढून टाकावं लागतं. थोडं जरी राहिलं तरी भेग तिथूनच सुरू होऊ शकते.

सोशल मीडियावर टायटॅनियमची निळी-जांभळी झळाळी लोकांना आवडते. मुद्दाम, नियंत्रित पद्धतीने आणलेला तो रंग असेल तर हरकत नाही. पण वेल्डिंगच्या सांध्यावर निळा रंग दिसला तर तपासनीस सावध होतो. चंदेरी सांधा चांगला. निळा म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागली. पांढरी पूड दिसली तर तो सांधा कापून टाकायचा.

समुद्रात हे भाग कुठे असतात?

किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात वाफ थंड करायला समुद्राचं पाणी वापरतात. तिथल्या कंडेन्सरमध्ये टायटॅनियमच्या नळ्या बसवतात, कारण एका नळीला भोक पडलं तरी खारं पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात शिरतं. जहाजांचे आणि प्लॅटफॉर्मचे हीट एक्स्चेंजर, समुद्राच्या पाण्याचे पंप आणि व्हॉल्व्ह, आगीशी लढायच्या पाण्याच्या पाइपलाइन, या सगळ्यांत टायटॅनियम दिसतं.

एक मर्यादाही आहे. तांबं समुद्री जीवांना मानवत नाही, टायटॅनियम मानवतं. त्यामुळे शेवाळ आणि शिंपले त्यावर खुशाल वस्ती करतात. धातू शाबूत राहतो, पण साफसफाई करावीच लागते.

तेलाच्या प्लॅटफॉर्मवर टायटॅनियमचा आणखी एक गुण कामी येतो. तो म्हणजे लवचीकपणा. तेवढ्याच जोराने ओढलं तर टायटॅनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट ताणलं जातं आणि सोडल्यावर पूर्ववत होतं.

खोल समुद्रात तळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत येणाऱ्या उभ्या पाइपला रायझर म्हणतात. वर प्लॅटफॉर्म लाटांवर हलतो आणि खाली विहिरीचं तोंड जागेवर स्थिर असतं. सगळं वळण टोकाच्या सांध्यावर येतं. तिथे बुडाशी जाड आणि पुढे निमुळता होत जाणारा घडीव टायटॅनियमचा तुकडा बसवता येतो. गळाला मासा लागल्यावर काठी जशी टोकापासून बुडापर्यंत एकसारखी वाकते, तसा तो वाकतो. त्यामुळे एकाच जागी ताण साठत नाही. नॉर्वेच्या हेड्रुन तेलक्षेत्रात १९९० च्या दशकात ड्रिलिंगचा रायझरच टायटॅनियमचा वापरला गेला.

सोव्हिएत युनियनने तर अख्ख्या लष्करी पाणबुड्या टायटॅनियमच्या बांधल्या. त्यांतली 'कोमसोमोलेट्स' १९८४ मध्ये १,०२० मीटर खोल गेली होती. पण ७ एप्रिल १९८९ ला तिच्यात आग लागली, ती बुडाली आणि ४२ जणांचा जीव गेला. बाहेरचा धातू उत्तम होता. आतल्या आगीपुढे त्याचा उपयोग नव्हता.

केमिकल कारखान्यात काय काम?

पाण्याची पीईटी बाटली आणि पॉलिस्टरची साडी किंवा टी-शर्ट, या दोन्हींचा एक मुख्य कच्चा माल म्हणजे पीटीए ही पांढरी भुकटी. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथेही ती बनते. पीटीए बनवताना पॅराझायलीन हे रसायन गरम ॲसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच पण कितीतरी तीव्र आम्लात, हवेच्या दाबाखाली ऑक्सिडाइज करतात. सोबतीला ब्रोमाइड असतं. साधं स्टेनलेस स्टील या मिश्रणापुढे टिकत नाही.

म्हणून अशा रिॲक्टरना जगभर टायटॅनियमचं अस्तर देतात. बाहेर जाड पोलाद आणि आत टायटॅनियमचा पातळ थर. हे दोन धातू जोडण्याची एक पद्धत म्हणजे नियंत्रित स्फोट. स्फोटाच्या धक्क्याने एक पत्रा दुसऱ्यावर इतक्या जोरात आदळतो की दोन्ही कायमचे जुळतात.

दुसरं मोठं ठिकाण म्हणजे कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनचे कारखाने. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन निघतो. आधी तिथे ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड असत आणि ते झिजत. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियमचे इलेक्ट्रोड शोधून काढले. त्यांनी हा उद्योगच बदलून टाकला.

सगळीकडे एकच टायटॅनियम चालत नाही. साध्या समुद्राच्या पाण्याला 'ग्रेड २' म्हणजे शुद्ध टायटॅनियम पुरतं. पण खारं पाणी साधारण ८० अंशांच्या वर तापलं की गॅस्केटखालच्या, बोल्टखालच्या बारीक फटींमध्ये तेही कुरतडलं जाऊ शकतं. तिथे अत्यल्प पॅलेडियम मिसळलेला 'ग्रेड ७' वापरतात. डोळ्यांना हे दोन्ही तुकडे अगदी सारखे दिसतात.

मग दगा कुठे देतं?

वर लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथे महत्त्वाची ठरते.

क्लोरीनच्या कारखान्यात सेलमधून निघालेला वायू ओलसर असतो. ओला क्लोरीन पोलादाला खाऊन टाकतो, पण टायटॅनियम त्याला दाद देत नाही. पुढे हा वायू तीव्र सल्फ्युरिक आम्लातून नेऊन कोरडा करतात. आता चित्र उलटं होतं. कोरड्या क्लोरीनसाठी साधं पोलाद चालतं आणि टायटॅनियम चालत नाही.

कारण ओलावा नसेल तर टायटॅनियमचा रक्षक थर पुन्हा तयार होत नाही. कोरडा क्लोरीन थेट धातूवर तुटून पडतो आणि टायटॅनियम चक्क पेट घेऊ शकतं. विषारी वायूने भरलेली पाइपलाइनच जळू लागली तर आसपास काम करणाऱ्यांचं काय होईल, याचा अंदाज बांधता येईल. कारखाना एकच आणि वायूही एकच. पण ड्रायिंग टॉवरच्या अलीकडचा व्हॉल्व्ह कुणी 'हा महागडा म्हणजे चांगलाच असणार' म्हणून पलीकडे बसवला तर अनर्थ होऊ शकतो.

दुसरं उदाहरण अपोलो मोहिमेतलं. १९६६ मध्ये टायटॅनियमच्या एका इंधनटाकीची दाबचाचणी करताना इंधनाऐवजी मेथॅनॉल वापरलं गेलं. टाकी फुटली. शुद्ध मेथॅनॉलमध्ये ताणाखालच्या टायटॅनियमला भेगा पडतात, हे समोर आलं. त्यात थोडं पाणी असेल तर हा धोका टळतो.

पाणी असूनही नुकसान करणाऱ्या गोष्टीही आहेत:

- हायड्रोफ्लोरिक आम्ल हा थर विरघळवून टाकतं. तिथे टायटॅनियम वापरायचंच नाही.

- समुद्राच्या पाण्यात टायटॅनियमला पोलाद किंवा ॲल्युमिनियम थेट जोडलं तर टायटॅनियम सुरक्षित राहतं, पण शेजारचा धातू झपाट्याने गंजतो. म्हणून मध्ये विद्युतरोधक वॉशर आणि गॅस्केट घालतात.

- पोलाद वाचवण्यासाठी समुद्रातल्या बांधकामाला उलटा विद्युतभार देतात. तो प्रमाणाबाहेर झाला तर टायटॅनियममध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं.

धातू बरोबर आहे, हे कळतं कसं?

१९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२ अमेरिकेतल्या सू सिटी इथे कोसळलं. २९६ पैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. इंजिनातल्या टायटॅनियमच्या घडीव चकतीला तडा गेला होता. त्याचं मूळ सापडलं ते धातू वितळवताना राहिलेल्या, नायट्रोजन जास्त असलेल्या एका सूक्ष्म कठीण कणात. चकती घडली, तपासली गेली, अनेक वर्षं उडाली आणि मग तुटली.

हा अपघात विमानाचा असला तरी त्याचा धडा सगळ्या घडीव भागांना लागू होतो. वितळवताना राहिलेला दोष प्रेस कितीही मोठी असली तरी ती काढू शकत नाही. म्हणून दोनदा-तीनदा वितळवणं, अल्ट्रासाउंडने आतून तपासणं, नमुना तुकडा ओढून तोडून पाहणं, या पायऱ्या गाळता येत नाहीत.

टायटॅनियम फोर्जिंगसाठी अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेचं 'बी ३८१' हे मानक जगभर वापरलं जातं. प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर असतो. तो कोणत्या वितळणीतून आला, त्यात कोणते घटक किती आहेत आणि तो किती ताणाला तुटला, हे मिल टेस्ट सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. कारखान्यात तुकडा आल्यावर हातातल्या एक्स-रे यंत्राने घटक पुन्हा ताडून पाहतात. 'ग्रेड २' आणि 'ग्रेड ७' यांतला फरक तिथेच पकडता येतो.

हा कागद किती महत्त्वाचा आहे, हे २०२४ मध्ये दिसलं. काही प्रवासी विमानांच्या भागांसाठी वापरलेल्या टायटॅनियमची कागदपत्रं खोटी असल्याचं उघड झालं आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तपास सुरू केला.

'टायटन'च्या बाबतीतही हाच मुद्दा होता. ती पाणबुडी कोणत्याही स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित करून घेतलेली नव्हती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२५ च्या अहवालाने रचना, प्रमाणन, देखभाल आणि तपासणी या सगळ्यांतल्या उणिवांवर बोट ठेवलं आणि ही दुर्घटना टाळता आली असती, असा निष्कर्ष काढला. याउलट २०१९ मध्ये मरियाना गर्तेच्या तळाशी गेलेल्या 'लिमिटिंग फॅक्टर' या पाणबुडीचा गोल ९० मिलिमीटर जाडीच्या घडीव टायटॅनियमचा होता. ती स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित होती आणि पुन्हा पुन्हा तळाशी जाऊन सुखरूप परतली.

भारताचा यात काय संबंध?

भारताच्या 'समुद्रयान' मोहिमेत तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था बनवत आहे. माणसं ज्या गोलात बसतील त्याचा व्यास साधारण २.१ मीटर आहे. भिंत ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियम मिश्रधातूची आहे. या गोलाचं काम इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे आहे.

६,००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६०० किलोचा भार पडतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एका दांडग्या म्हशीचं वजन. तेही गोलाच्या प्रत्येक बिंदूवर, सगळीकडून, एकाच वेळी.

गोल आकारामुळे हा भार सगळीकडे समान वाटला जातो. पण आकारात थोडा फरक पडला किंवा दोन अर्धगोलांच्या सांध्यात दोष राहिला तर भार तिथे एकवटतो. म्हणून एवढ्या जाड टायटॅनियमसाठी इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगचं तंत्र इस्रोने विकसित केलं आहे. हे वेल्डिंग निर्वात जागेत होतं, त्यामुळे तापलेल्या धातूला हवा लागतच नाही.

यापूर्वी पोलादी गोल वापरून उथळ पाण्यात चाचण्या झाल्या आहेत. आत हवा, पाणी, संपर्क, सगळं नीट चालतं का, हे त्यातून तपासता आलं. टायटॅनियमच्या गोलाची परीक्षा त्यापेक्षा कितीतरी कडक असेल. आणीबाणीत आतली माणसं ९६ तास जगू शकतील अशी सोय या पाणबुडीत आहे. पण ती सोय कामी यायची तर तोवर गोल शाबूत राहायला हवा.

म्हणून पुढच्या वेळी एखादी वस्तू 'टायटॅनियमची आहे' एवढंच सांगून कुणी विकायला आलं तर काही साधे प्रश्न विचारता येतील. कोणता ग्रेड? घडीव की ओतीव? ती कशात वापरायची आहे? आणि कुणी तपासली? घड्याळाच्या पट्ट्यासाठी ही उत्तरं मिळाली नाहीत तरी चालेल. क्लोरीनच्या व्हॉल्व्हसाठी किंवा समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या गोलासाठी ही चारही उत्तरं वापरण्याआधीच कागदावर असावी लागतात.